अक्कलदाढ आणि तिच्या पुढची दाढ

आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि खालच्या जबड्यात मधल्या फटीपासून एका बाजूला दात मोजत जा. पहिले दोन पटाशीचे, तिसरा सुळा, मग दोन उपदाढा, मग सहावी आणि सातवी या मोठ्या दाढा. त्यामागे आठवी लागली तर ती अक्कलदाढ. कुणाच्या तोंडात ती पूर्ण वर आलेली असते, कुणाची नुसती टोकं हिरडीतून डोकावतात, कुणाला बोटाला काहीच लागत नाही. न लागणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत. काहींची दाढ हाडात दडलेली असते, तर काहींच्या जबड्यात ती तयारच होत नाही. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर साधारण २२-२३ टक्के लोकांमध्ये चारपैकी निदान एक अक्कलदाढ नसतेच. म्हणजे ‘सगळ्यांना येते, मला का नाही’ ही काळजी करण्याचं कारण नाही.

बोट आठवीवर असलं तरी लक्ष मात्र सातवीवर ठेवा. ठेवायची की काढायची या वादात घरातले सगळे आठव्या दाढेबद्दल बोलतात. तिचं दुखणं, तिची शस्त्रक्रिया, तिचा खर्च. पण आयुष्यभर भाकरी चावायचं काम सहावी आणि सातवी करतात. आठवी गेली तर चावण्यात फारसा फरक पडत नाही. सातवी गेली तर पडतो. म्हणून माझ्या मते या निर्णयातला पहिला प्रश्न असा असायला हवा: ही आठवी तिथे राहिली, तर सातवी शाबूत राहील का?

दंतवैद्याच्या कागदावर ‘अक्कलदाढ’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे आकडे असतात. तोंडाचे चार भाग करून प्रत्येकाला १ ते ४ क्रमांक देतात आणि त्यापुढे दाताचा क्रमांक लिहितात. तुमच्या उजव्या बाजूची वरची अक्कलदाढ १८, डावीकडची वरची २८, डावीकडची खालची ३८ आणि उजवीकडची खालची ४८. हे चार आकडे लक्षात ठेवले तर डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. आणखी एक गोष्ट लगेच ध्यानात येते: प्रश्न एक नसून चार आहेत. ‘चारही काढून टाकू’ किंवा ‘एकही काढायची नाही’ अशी घाऊक उत्तरं बहुतेक वेळा चुकीची ठरतात. ४८ काढावी लागेल, ३८ वर लक्ष ठेवावं लागेल आणि वरच्या दोन्ही निवांत राहतील, असं एकाच तोंडात होऊ शकतं.

या दाढेलाच एवढा त्रास का? ती सगळ्यांत उशिरा येते. तिच्या बीजाची घडण आठव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते, वर यायला वयाची सतरा ते पंचवीस वर्षं उजाडतात, आणि तोवर जबड्यातल्या जागा भरलेल्या असतात. माणसाचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत आला आहे. शिजवलेलं, दळलेलं, मऊ अन्न खाण्याशी त्याचा संबंध आहे असं अभ्यासक मानतात, कारण वाढीच्या वयात चावण्याचा ताण पडला तर हाड भरतं. एसटीच्या तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस जसा तिरका, अर्धा बाहेर बसतो, तशी ही दाढ उरलेल्या जागेत स्वतःला बसवून घेते. जागा मुळीच नसेल तर अडकते. जगभरात साधारण २४ टक्के लोकांत निदान एक अक्कलदाढ अशी अडकलेली आढळते.

ती कशी अडकली आहे हे तोंडात बघून पुरतं कळत नाही. त्यासाठी ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. तुम्ही उभे राहता, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका लांबट चित्रात उलगडून दिसतात. किरणांचा डोस फार कमी असतो, निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढाच. या चित्रात डॉक्टर चार गोष्टी बघतात: दाढेचा कल, तिची खोली, मुळांचा आकार आणि खालून जाणाऱ्या नसेपासूनचं अंतर.

कलाचे प्रकार सरळ समजण्यासारखे आहेत. दाढ उभी असेल, सातवीच्या दिशेने पुढे झुकलेली असेल, मागे झुकलेली असेल किंवा आडवी पडलेली असेल. पुढे झुकलेली दाढ सातवीच्या मागच्या भिंतीला टेकते आणि दोघींच्या मध्ये अशी खाच तयार होते, जिथे ब्रश पोहोचत नाही. मागे झुकलेल्या दाढेचा प्रकार फसवा असतो. चित्रात ती जवळपास सरळ दिसते, त्यामुळे पेशंटला वाटतं की पटकन निघेल. प्रत्यक्षात खालच्या जबड्यात ती बाहेर निघण्याची वाट मागच्या उभ्या हाडात घुसते, आणि शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने ती बहुधा सगळ्यांत अवघड असते.

आता खोली. पूर्ण वर आलेली, समोरच्या दाढेला नीट भिडणारी आणि घासता येणारी अक्कलदाढ ही साधी दाढच असते. पूर्णपणे हाडात दडलेली, तोंडाशी कसलाच संपर्क नसलेली दाढही बहुधा वर्षानुवर्षं शांत राहते. खरी गडबड या दोघींच्या मधल्या अवस्थेत होते: अर्धी वर, अर्धी हिरडीखाली. दाढेवर हिरडीची एक पाळी राहते, तिच्याखाली अन्नाचे कण आणि जंतू साठतात आणि एक दिवस ती सुजते. गाल ठणकतो, तोंड पुरतं उघडत नाही, गिळताना कानापर्यंत कळ जाते, तोंडाला घाण चव येते. सुजलेल्या पाळीवर वरची अक्कलदाढ प्रत्येक घासाला आपटते आणि सूज आणखी वाढते. त्यामुळे कधी कधी आधी वरची दाढ काढली तरी खालचा त्रास बराच हलका होतो.

अशी सूज आली की डॉक्टर पाळीखालची जागा धुतात, वेदनाशामक देतात आणि कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरायला सांगतात. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर प्रतिजैविकही देतात. मेडिकलमधून आपल्याच मनाने ‘दाढेची गोळी’ आणून तीन दिवस ढकलण्याची सवय आपल्याकडे फार आहे. सूज उतरते, पण कारण तिथेच राहतं, आणि पुढच्या वेळी तीच गोळी काम करेनाशी होते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरं वाटतं, तेही ठीक आहे. पण ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवू नका, तिने हिरडी भाजते. आणि सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक देऊ नका.

एक धोका मात्र उशीर न करता ओळखायला हवा. सूज जबड्याच्या कडेखाली गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटू लागली, लाळही गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर तो दवाखाना सकाळी उघडण्याची वाट बघण्याचा प्रसंग नाही. खालच्या सातव्या-आठव्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीच्याही खाली जातात, त्यामुळे त्यांचा पू थेट गळ्याच्या पोकळ्यांत उतरू शकतो. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि आजही तो जिवावर बेततो. अशा वेळी रात्र असली तरी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणचा तातडीचा विभाग गाठायचा.

आता निर्णयाकडे येऊ. काही वेळा काढण्याबद्दल वाद नसतो. दाढ इतकी किडली आहे की भरता येत नाही. मुळाशी पू झाला आहे. पाळीची सूज पुन्हा पुन्हा येते आहे. दाढेभोवती गाठीसारखी पोकळी, म्हणजे सिस्ट, दिसते आहे. सातवीचं मूळ झिजतं आहे किंवा तिच्या मागच्या भिंतीला कीड लागली आहे. पहिल्यांदाच सूज आली आणि ती साधी असेल, तर थांबून बघता येतं. दुसऱ्यांदा आली की काढण्याचं पारडं जड होतं.

काही वेळा ठेवण्याबद्दलही वाद नसतो. दाढ सरळ वर आली आहे, समोरच्या दाढेशी चावते आहे, ब्रश तिच्या मागच्या टोकापर्यंत जातो, हिरडी घट्ट आहे. काढायचं कारण काय? तसंच, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या एक्स-रेमध्ये हाडात खोल दडलेली, भोवती काहीच बिघाड नसलेली दाढ योगायोगाने दिसली, तर तिला हात लावण्यापेक्षा अधूनमधून बघत राहणं बरं. आणि सहावी किंवा सातवी आधीच गेलेली असेल तर आठवीचं मोल वाढतं. पुढे ब्रिजला आधार म्हणून ती कामाला येऊ शकते.

उरतात ते मधले लोक, आणि घरात वाद त्यांच्यावरूनच होतात. वय एकवीस. दाढ पुढे झुकलेली, सातवीला टेकलेली, अर्धी वर आलेली. दुखत अजिबात नाही. पुण्याला शिकणारी मुलगी सुटीत कोल्हापूरला येते, सहज दात तपासून घेते आणि डॉक्टर सांगतात, काढून टाका. आई म्हणते, दुखत नाही तर कशाला? दोघांचंही म्हणणं बिनबुडाचं नाही.

याच प्रश्नावर जगातही मतं बदलत आली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तरुणांच्या निरोगी अक्कलदाढाही सरसकट काढल्या जात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २००० मध्ये सांगितलं की रोग नसलेल्या अडकलेल्या दाढा काढू नका, कारण शस्त्रक्रियेचा धोका निश्चित आहे आणि फायद्याचा पुरावा नाही. अमेरिकेत जे फ्रीडमन या दंतवैद्यांनी २००७ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात लेख लिहून सरसकट काढण्याला धोका म्हटलं. मग ब्रिटनमध्ये पुढच्या दशकात एक वेगळी गोष्ट दिसू लागली. दाढा निघतच होत्या, फक्त उशिरा. काढण्याचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीपलीकडे सरकलं, आणि काढण्याच्या कारणांमध्ये कीड वाढली. ती कीड अनेकदा सातवीलाही लागलेली असे. उपलब्ध अभ्यासांचा सगळ्यांत काटेकोर आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या २०२० च्या अहवालाचा निष्कर्ष असा आहे की त्रास नसलेल्या, रोग नसलेल्या अडकलेल्या दाढा काढाव्यात की ठेवाव्यात, हे ठरवण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

पुरावा नाही म्हणजे दोन्ही पर्याय सारखेच, असं मी मानत नाही. प्रत्येक दाढेचं चित्र वेगळं असतं. त्या मुलीची दाढ सातवीच्या मानेपाशी टेकलेली आहे आणि मधली खाच तोंडाकडे उघडी आहे, तर तिथे कीड लागण्याची शक्यता खरोखर मोठी आहे, आणि ती कीड दिसते तेव्हा बहुधा खोल गेलेली असते. तिच्यासाठी मी काढण्याच्या बाजूने झुकेन. तिच्याच दुसऱ्या बाजूची दाढ हाडात पूर्ण झाकलेली असेल तर ती राहू द्यावी. दुखतं की नाही, हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. सातवीच्या मागच्या भिंतीची कीड सुरुवातीला दुखतच नाही.

वयाचाही विचार करावा लागतो. विशीच्या आसपास मुळं अर्धी-पाऊण तयार असतात, हाड लवचीक असतं आणि जखम लवकर भरते. तिशीनंतर हाड घट्ट होतं, मुळं पूर्ण लांब होऊन नसेच्या जवळ जातात, आणि गुंतागुंत वाढते. म्हणून एखादी दाढ पुढे त्रास देणारच असं चित्र स्पष्ट सांगत असेल, तर लवकर काढलेली बरी. पण ‘आत्ता सोपं आहे, म्हणून काढा’ एवढंच कारण पुरेसं नाही.

नसेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा धोका तिथे आहे. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो, त्यातून खालच्या दातांना, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळं या बोगद्याला खेटून असू शकतात. जिभेची नस आतल्या बाजूने हिरडीलगत जाते. काढताना यांना धक्का लागला तर ओठाचा किंवा जिभेचा अर्धा भाग बधिर राहतो, मुंग्या येतात, जिभेची चव कमी होते. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरं होतं. कायमचं राहणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. चेहऱ्याच्या हालचालींशी या नसांचा संबंध नाही, त्यामुळे तोंड वाकडं होईल ही भीती इथे गैरलागू आहे. ओपीजीमध्ये बोगद्याची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली, मूळ तिथे काळवंडलेलं किंवा बोगदा वळलेला दिसला, तर जवळीक आहे असं समजतात आणि सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करायला सांगतात. तो प्रत्येकाला लागत नाही. मुळं नसेला बिलगलेलीच निघाली, तर फक्त वरचा मुकुट कापून काढायचा आणि मुळं हाडात राहू द्यायची, असाही एक मार्ग आहे. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. मुळं पुढे वर सरकली तर कधी पुन्हा काढावी लागतात, पण ओठाची संवेदना वाचते. तुमच्या डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला नाही, तर तुम्ही विचारा.

आपल्या घरांत याहून वेगळीच भीती असते. ‘दाढ काढू नगंस, नजर कमी हुतीया’ हे कोल्हापुरात आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. दातांच्या संवेदना नेणाऱ्या नसा आणि दृष्टीची नस या दोन स्वतंत्र वाटा आहेत. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. दुसरा समज उलट्या बाजूचा आहे: अक्कलदाढ मागून ढकलते, म्हणून पुढचे दात वेडेवाकडे होतात, तेव्हा काढून टाका. पुढच्या खालच्या दातांची गर्दी वयाबरोबर वाढते हे खरं, पण ती अक्कलदाढ नसलेल्यांतही वाढते. केवळ एवढ्यासाठी काढायला सांगत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कोल्हापूर म्हटलं की तालीम आली आणि पेठापेठांतला फुटबॉल आला. खासबागेत उतरणाऱ्या किंवा शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या पोरांना हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. अडकलेली खालची अक्कलदाढ असेल तर जबरदस्त मार बसल्यावर जबडा तिथेच, म्हणजे कोनाजवळ मोडण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मग खेळाडूंच्या दाढा आधीच काढाव्यात का? तसंही नाही. दाढ नसलेल्यांत तोच मार कानापुढच्या सांध्याजवळ जाऊन तिथलं हाड मोडतो, आणि ते दुरुस्त करणं जास्त अवघड असतं. त्यापेक्षा फुटबॉल खेळताना दातांवर माऊथगार्ड घालावा, तो आपल्याकडे अजून फार थोडे घालतात. आणि खोल दाढ काढली असेल तर आखाड्यात उतरायची घाई नको. तिथलं हाड पहिले काही आठवडे कमकुवत असतं, जबडा मोडण्याच्या घटना त्याच काळात होतात. वस्तादांना हे आधी सांगून ठेवावं.

भरतीची तयारी करणाऱ्यांचीही एक शंका असते. सैनिक टाकळीसारखं गाव असलेल्या, चंदगड-आजऱ्यापासून शिरोळपर्यंत घराघरांत फौजी असलेल्या या जिल्ह्यात ती योग्यच आहे: दाढ काढली तर मेडिकलमध्ये बाद होईन का? लष्कराच्या निकषांत दातांचे गुण असतात. समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या दातांच्या आणि उपदाढांच्या प्रत्येक जोडीला १, मोठ्या दाढांच्या जोडीला २, आणि नीट वाढलेल्या अक्कलदाढांच्या जोडीलाही २. सगळे दात असतील तर २२ गुण होतात. किमान १४ लागतात. चारही अक्कलदाढा नसल्या तरी बाकीचे दात धड असतील तर १८ उरतात. त्यामुळे त्या भीतीने किडकी दाढ जपत बसू नये. फक्त मैदानी चाचणीच्या तोंडावर काढू नये, महिनाभर आधी काढावी.

काढायचं ठरलं, तर कुणाकडे जायचं? सरळ वर आलेली दाढ बीडीएस झालेले तुमचे नेहमीचे डॉक्टर काढू शकतात. अडकलेली असेल तर तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले सर्जन हवेत. शाहूपुरी-राजारामपुरीतले अनेक दवाखाने ठरलेल्या वारी असे सर्जन बोलावतात. तसं असेल तर आपल्या दाढेला हात कोण लावणार, आणि नंतर रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हे आधी विचारून घ्यावं. खर्च झेपत नसेल तर दसरा चौकाजवळच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, चौकशी करावी. वारणा भागात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात वेळ जास्त लागतो, पण अवघड केस तिथे एकापेक्षा जास्त अनुभवी डोळे बघतात. जयसिंगपूर-शिरोळकडच्यांना सांगलीची दंत महाविद्यालयंही जवळ पडतात.

जाण्याआधी आपले आजार आणि औषधं लपवू नका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मग काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांचं आणि सर्जनचं बोलणं होऊ द्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगात दिली जाणारी काही इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा, कारण त्यानंतर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. आणि मावा, गुटखा, सुपारी खात असाल तर तेही सांगा. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. उभी धरलेली तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर सर्जनला मागच्या दाढेपर्यंत पोहोचणंच कठीण होतं. अशा माणसाची अक्कलदाढ त्रास देण्याआधी काढायचा विचार करावा लागतो, आणि त्याच वेळी तोंडाच्या कर्करोगाची तपासणीही करून घ्यायला हवी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोट रिकामं ठेवायचं नसतं. हलकं खाऊन जा. इंजेक्शनने ओठाची आणि जिभेची ती बाजू बधिर होते. वेदना होत नाही, पण दाब आणि ढकलणं जाणवतं, ड्रिलचा आवाज कानात घुमतो. हे आधी माहीत नसलं की घाबरायला होतं. बोचरं दुखलं तर हात वर करा, आणखी औषध देता येतं. हिरडी बाजूला करतात, दाढेला अडवणारं थोडं हाड पाण्याच्या धारेखाली कोरतात, दाढ तुकडे करून बाहेर काढतात. तुकडे केल्याने कमी हाड कोरावं लागतं. मग टाके. साधारण अर्धा ते एक तास. घरी जाताना दुचाकी दुसऱ्याला चालवू द्या.

पुढचे तीन दिवस कसे वागता, यावर बरंच अवलंबून आहे. जागेवर तयार होणारी रक्ताची गाठ हीच मलमपट्टी असते. ती जपायची. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉने प्यायचं नाही. गालावर बाहेरून बर्फ लावायचा. नाचणीची आंबील, ताक-भात, दही, पेज, केळं, सगळं गार किंवा कोमट. तांबडा रस्सा आणि मिसळ आठवडाभर लांब ठेवा. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हळुवार चुळा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या सकाळी आरशात बघून घाबरू नका.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं उतरण्याऐवजी अचानक वाढलं, कानात ठणका जाऊ लागला आणि तोंडाला वास यायला लागला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढांत ते सर्वांत जास्त होतं, आणि सिगारेट, तंबाखू, मशेरी यांनी शक्यता फार वाढते. आपल्याकडे काही बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय राहू शकत नाहीत. पुरुष तंबाखूचा विडा ‘दुसऱ्या गालात’ धरतात. दोन्ही नको, निदान आठवडाभर तरी. ड्राय सॉकेट झालंच तर प्रतिजैविकाची आणखी पाकिटं खाऊन ते जात नाही. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी भरतात, आणि बहुधा त्याच दिवशी आराम पडतो.

ठेवायचं ठरवलेल्यांनाही काम आहेच. ठेवणं म्हणजे विसरणं असेल तर ती दाढ आज ना उद्या सातवीला घेऊन बसते. छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, आणि घासताना तोंड पूर्ण उघडू नका. अर्धं मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रश आठवीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जातो. एकाच गुच्छाचा ब्रशही मिळतो, सातवी आणि आठवीच्या मधल्या खाचेसाठी तो चांगला. वर्षातून एकदा तपासणी करा आणि डॉक्टरांना सातवीच्या मागच्या बाजूला हिरडीची खोली मोजायला सांगा. दरवर्षी एक्स-रेची गरज नसते, दोन-तीन वर्षांनी किंवा काही बदल जाणवला तर पुरे. आधीची ओपीजी मोबाइलमध्ये किंवा घरच्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या. दाढेभोवतीची काळी कड रुंदावली आहे का, सातवीच्या मागे नवी सावली आली आहे का, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं.